‘फॉरमॅट मारूया’ म्हणण्याआधी

वन्संचा फोन सकाळी साडेनऊला आला तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. ती वेळ त्यांच्या कामाची. आमच्या वन्सं तालुक्याच्या गावी राहतात आणि घरी बसून वीस-बावीस दुकानदारांचे हिशेब लिहितात. किराणा, कापड, दोन मेडिकल, एक हार्डवेअरवाला. बिलं सगळी मेलवर येतात, रिटर्नची पोचपावतीही मेलवरच जाते. त्यामुळे देवपूजा आणि डबा आटोपला की त्या कॉम्प्युटरपुढे बसतात, त्या थेट दुपारच्या चहालाच उठतात.

"अगं, मेल उघडतच नाहीये. काल रात्री कॉम्प्युटर बंद करताना ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ असं आलं. मी तसाच ठेवला आणि झोपले. आता उघडते तर खिडकी पांढरी पडते आणि वर लिहून येतं, नॉट रिस्पॉन्डिंग. काय करू?"

महिन्याची दहा-बारा तारीख असेल. रिटर्नची शेवटची तारीख वीस. मी काय सांगणार? आपण सगळ्या जे सांगतो तेच सांगितलं, बंद करून परत चालू करा. त्यांनी ते चारदा केलं होतं. मग भाचा म्हणाला, आई, तू हात नको लावूस, मी दुकानात नेऊन देतो. दुकानातल्या मुलानं पाच मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "काकू, विंडोज गेलीय. फॉरमॅट मारावा लागेल. डेटाचा बॅकअप घेतो, काळजी करू नका." संध्याकाळी यंत्र परत आलं. चकाचक, नव्यासारखं. फोटो होते, एक्सेलच्या फायली होत्या, टॅली होतं. मेलचा प्रोग्रामही होता. फक्त त्यात एकही मेल नव्हती. अकरा वर्षांची एकही नाही.

दुकानातल्या मुलानं लबाडी केली असं मी म्हणणार नाही. त्यानं ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ या दोन फोल्डरांची इमानदारीत नक्कल काढली होती. वन्संच्या मेलची फाइल मात्र तिसऱ्याच, लपवलेल्या फोल्डरमध्ये होती. त्याला ते ठाऊक नव्हतं आणि वन्संना तर अशी काही फाइल असते हेच ठाऊक नव्हतं. मलाही तेव्हा नव्हतं, उगाच शहाणपणा का मिरवू?

मैत्रिणींनो, आपल्या पुरवणीत पाककृती येतात, आरोग्य येतं, कायद्याचा सल्ला येतो. संगणक म्हटला की तो विषय ‘मुलांच्या पानावर’ टाकायची आपल्याला सवय लागली आहे. पण आज तालुक्याच्या गावात घरबसल्या हिशेब करणाऱ्या, ट्यूशन घेणाऱ्या, ब्लाउजपीस आणि लोणची परगावी पाठवणाऱ्या, पतसंस्थेत बसणाऱ्या किती जणींचं काम त्या पडद्यावर अवलंबून आहे! आणि तो पडदा गोठला की यंत्र उचलून नेण्याचा निर्णय घेणारे हात बहुतेक वेळा आपले नसतात. म्हणून आजचं हे टिपण. जरा वेळ लागेल, पण वाचा.

आधी ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणजे काय ते. त्याचा अर्थ प्रोग्राम मेला असा नाही. विंडोज प्रत्येक उघड्या प्रोग्रामला सारखी हाक मारत असते. पाचएक सेकंद ‘ओ’ आली नाही की ती खिडकी पांढरट करून वर ही पाटी लावते. आता पोळ्या लाटत असताना दारावरची बेल वाजली तर आपणही लगेच ओ देत नाही. म्हणजे आपण घरात नाही असं थोडंच आहे! अपडेटनंतर मेलचा प्रोग्राम पहिल्यांदा उघडतो तेव्हा कधी कधी तो जुन्या मेलची यादी नव्यानं तपासत बसतो. फाइल मोठी असेल तर त्याला अर्धा तासही लागू शकतो. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. त्यात तुमच्या मेल प्रोग्रामच्या ओळीत सीपीयू आणि डिस्कखालचे आकडे हलत असतील तर त्याचं काम चालू आहे. त्याला राहू द्या, चहा करून घ्या. आकडे बराच वेळ शून्यावरच बसले असतील तर मात्र तो खरंच अडकलाय. तेव्हा त्याच खिडकीत त्याच्या नावावर क्लिक करून ‘एंड टास्क’ करायचं. अधीर होऊन दर दोन मिनिटांनी हे करू नका. फाइलमध्ये लिहिणं चालू असताना तोडलं की फाइल बिघडते. साध्या अडकण्याचं खरं दुखणं पुष्कळदा तिथूनच सुरू होतं.

आता हे दर महिन्याला मंगळवार-बुधवारीच का होतं, असं एका वाचक मैत्रिणीनं मध्यंतरी विचारलं होतं. तिचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनी 2003 सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या दुरुस्त्या एकगठ्ठा सोडते. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. म्हणजे आपल्या यंत्रावर ती भेट पोचते बुधवारी किंवा त्यानंतर एक-दोन दिवसांत. तेव्हा बुधवारी सकाळी पडदा पांढरा पडला तर ‘माझ्याच हातून काहीतरी झालं’ हा पहिला विचार मनातून काढून टाका. आपल्याला ही खोड फार. मिक्सर बिघडला तरी आपण आधी आपलीच चूक शोधतो.

चूक खरोखर दुसऱ्याची असल्याचे दाखले आहेत. 15 जुलै 2020 या दिवशी जगभरात असंख्य लोकांचं आउटलुक उघडताक्षणी बंद पडू लागलं. लॉकडाऊनचे दिवस, सगळे घरून काम करणारे, त्यामुळे हाहाकार झाला. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती पाठवली आणि तोवर ब्राउझरमधून किंवा मोबाइलवर मेल बघा असं सांगितलं. त्या दिवशी ज्यांनी घाईनं यंत्र फॉरमॅट केलं असेल, त्यांचं काय झालं असेल! अगदी अलीकडचं म्हणजे 13 जानेवारी 2026 चं विंडोज 11 चं अपडेट. त्यानंतर जुन्या पद्धतीचं आउटलुक, ज्याला आता ‘क्लासिक’ म्हणतात, ते पुष्कळांच्या यंत्रावर गोठायला लागलं. विशेषतः ज्यांच्या मेलची फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये होती त्यांचं. बंद केलं तरी ते आतल्या आत चालूच राही, त्यामुळे पुन्हा उघडत नसे. पाठवलेली मेल ‘सेंट’मध्ये दिसत नसे. कंपनीनं दहा-अकरा दिवसांनी, 24 जानेवारीला, वेगळी दुरुस्ती सोडली. म्हणजे त्या काळात शहाणपणाचं काम एकच होतं, थांबणं. आणि ‘थांबा’ हा सल्ला कुठलंच दुकान देत नाही, कारण थांबण्याचे पैसे कोणी देत नाही.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येते. ही एक समजली की निम्मी भीती जाते. तुमची मेल राहते कुठे?

दोन तऱ्हा असतात. एकीत मूळ मेल कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि तुमच्या यंत्रावर असते ती तिची नक्कल. जीमेल मोबाइलवर बघता ते असंच. सातबाराचा उतारा घरच्या कपाटात असतो आणि मूळ नोंद सरकारदरबारी असते तसं. उतारा फाटला, भिजला, तरी नवा मिळतो. दुसऱ्या तऱ्हेला ‘पॉप’ म्हणतात. जुनी खाती, किंवा दुकान आणि संस्थेच्या स्वतःच्या नावाची खाती, पुष्कळदा अशी जोडलेली असतात. यात मेल तुमच्या यंत्रावर उतरते आणि सेटिंगप्रमाणे लगेच किंवा काही दिवसांनी सर्व्हरवरून पुसली जाते. मग जगात तिची एकच प्रत उरते, तुमच्या यंत्रावरची ती फाइल. आउटलुकमध्ये या फाइलचं आडनाव ‘पीएसटी’. नक्कल असलेल्या फाइलचं आडनाव ‘ओएसटी’. एका अक्षराचा फरक, पण ओएसटी गेली तर बहुतेक सगळं सर्व्हरवरून परत उतरतं आणि पीएसटी गेली की गेलीच.

वन्संची पीएसटी होती.

ती सापडते कशी, ते सांगते. प्रोग्राम गोठला असला तरी सापडते, हे विशेष. कंट्रोल पॅनेल उघडा, त्यात ‘मेल’ नावाचं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करून ‘डेटा फाइल्स’ निवडा. तिथे फाइलचं नाव आणि पूर्ण पत्ता दिसतो, आणि ‘ओपन फाइल लोकेशन’ दाबलं की थेट त्या फोल्डरात जाता येतं. 2010 पासूनच्या आउटलुकमध्ये ती बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरात असते. त्याआधीची असेल, किंवा जुन्यावरच नवं चढवत नेलेलं असेल, तर ती ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात निघते. दुकानातल्या मुलाला न दिसलेली जागा ती हीच. मेल प्रोग्राम पूर्ण बंद करून ती फाइल उचला आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर चिकटवा. दुरुस्तीचं पहिलं पाऊल हेच. प्रोग्राम सुरू होतो की नाही, कोणामुळे अडला, ते सगळं नंतर. घराला आग लागली तर आपण आधी मूल उचलतो, शॉर्टसर्किट कुठे झालं ते नंतर बघतो.

ती फाइल वनड्राइव्हमध्ये निघाली तर तिथून बाहेर काढून साध्या फोल्डरात ठेवणं बरं. विंडोज हल्ली गोड बोलून ‘तुमचे डॉक्युमेंट्स सुरक्षित ठेवू का’ विचारते, आपण ‘हो’ म्हणतो आणि पीएसटीही त्यात जाते. मग मेलचा प्रोग्राम त्या फाइलमध्ये लिहितोय आणि वनड्राइव्ह तीच फाइल वर पाठवू बघतंय, अशी दोघांची ओढाताण चालते. एक ताट, दोन जावा. फक्त हलवल्यावर प्रोग्रामला नवा पत्ता दाखवावा लागतो. तो नुसता हलवून मोकळ्या झालात तर उघडताना ‘फाइल सापडत नाही’ म्हणून विचारेल, तेव्हा घाबरू नका, नवी जागा दाखवा.

फाइलची प्रत हातात आल्यावर मग खुशाल उपाय करा. माझ्या यंत्रावर हा प्रकार झाला तेव्हा मला सगळ्यात उपयोगी पडलं ते एक बटण. कीबोर्डवरचं कंट्रोल दाबून धरायचं आणि तसंच धरून आउटलुकच्या चिन्हावर डबल क्लिक करायचं. ‘सेफ मोडमध्ये उघडू का’ असं विचारतं, हो म्हणायचं. या मोडमध्ये प्रोग्राम एकटा उघडतो, बरोबरचं लटांबर बाहेर ठेवून. लटांबर म्हणजे अ‍ॅड-इन्स. अँटिव्हायरसवाला आपली एक पट्टी चिकटवतो, पीडीएफवाला चिकटवतो, मीटिंगवाला चिकटवतो. आपण त्यांना कधी बोलावलेलंही नसतं. अपडेटनं मूळ प्रोग्राम बदलतो आणि हे पाहुणे जुन्याच चालीनं वागायला जातात, मग दारात अडकतात. माझं आउटलुक सेफ मोडमध्ये खणखणीत उघडलं. म्हणजे दोष पाहुण्यांचा. मग फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स असं जाऊन खाली ‘कॉम अ‍ॅड-इन्स’च्या पुढचं ‘गो’ दाबलं, सगळ्या चौकटींतल्या खुणा काढल्या, प्रोग्राम नेहमीसारखा उघडला आणि एकेकाला परत आत घेतलं. दर वेळी बंद करून उघडायचं. कंटाळवाणं काम आहे, भाजी निवडण्यासारखं. तिसरा पाहुणा आत आला आणि पडदा पांढरा. अँटिव्हायरसची पट्टी होती. ती काढली तरी अँटिव्हायरस आपलं काम करतोच, फक्त मेलच्या अंगणात लुडबुडत नाही. एकूण वेळ पंचेचाळीस मिनिटं, खर्च शून्य. मला त्या दिवशी पुरणपोळी पहिल्यांदा न फुटता लाटली गेली होती तेव्हाचा आनंद आठवला.

सेफ मोडमध्येही गोठत असेल तर मग फाइलमध्ये दोष असू शकतो. त्यासाठी ऑफिससोबतच ‘स्कॅनपीएसटी’ नावाचं दुरुस्तीचं साधन यंत्रावर आलेलं असतं, वेगळं विकत घ्यावं लागत नाही. शोधलं की सापडतं. कधी ते दोन-तीनदा चालवावं लागतं. मात्र प्रत काढल्याशिवाय ते चालवू नका. जुन्या जमान्यातल्या, म्हणजे 2002 सालापर्यंतच्या आउटलुकची फाइल दोन जीबीला भरली की अडकायची. आताच्याची मर्यादा पन्नास जीबी आहे, पण आपण लग्नाचे फोटो मेलमध्येच साठवून ठेवतो, त्यामुळे पंधरा-वीस जीबीलाच ती दमायला लागते. फाइल बरी निघाली तर ऑफिसची दुरुस्ती करता येते, विंडोजच्या अ‍ॅप्सच्या यादीत ऑफिसवर जाऊन ‘मॉडिफाय’ केलं की ‘क्विक रिपेअर’ आणि ‘ऑनलाइन रिपेअर’ असे दोन पर्याय येतात. आणि ठरावीक अपडेटच खोडकर असल्याची खात्री असेल तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथे ‘अपडेट हिस्ट्री’ आणि खाली ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. तेवढं एक काढता येतं.

इथे एक गोष्ट बजावून सांगते, कारण लगेच कोणीतरी म्हणेल, मग अपडेट कायमचंच बंद करून टाकू! तसं करू नका. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांचे संगणक बंद पडले, रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारं अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये आलेलं होतं. ज्यांनी घेतलं नव्हतं ते सापडले. उलट बाजूचा दाखलाही आहेच. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटनं सुमारे 85 लाख संगणक आडवे केले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटायची वेळ आली. तेव्हा अपडेट घ्यायचं, पण ‘पॉज’ची सोय असते ती वापरून आठवडाभर मागे राहून घेतलं तर बिघडत नाही. नवीन साडी पहिल्या धुण्यात रंग सोडते का ते शेजारणीच्या बादलीत बघावं. रिटर्नच्या, पगाराच्या, परीक्षेच्या आठवड्यात तर नक्कीच पॉज करावं.

थंडरबर्ड वापरणाऱ्या मैत्रिणींनाही हेच लागू आहे. तिथे मदतीच्या मेनूत ‘ट्रबलशूट मोड’ असतो, आणि एखादंच फोल्डर उघडताना अडकत असेल तर त्यावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ‘रिपेअर फोल्डर’. नव्या आउटलुकची गोष्ट निराळी. ते कॉम अ‍ॅड-इन्स घेतच नाही, त्यामुळे वरची लटांबराची कसरत तिथे नाही.

बहुतेकींची मेल तर फोनवरच असते. 22 मार्च 2021 ला अँड्रॉइड फोनवर जीमेलसकट कितीतरी अ‍ॅप उघडता उघडता मिटायला लागली होती, कारण ‘वेबव्ह्यू’ नावाच्या आतल्या एका भागाचं अपडेट बिघडलेलं. गूगलनं नवीन अपडेट दिलं आणि ते थांबलं. फोनवर मेल अडकली तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, जीमेल, आधी ‘फोर्स स्टॉप’, मग स्टोरेजमध्ये ‘क्लिअर कॅश’. शेजारच्या ‘क्लिअर डेटा’ला तेवढा उगाच हात लावू नका. जीमेलची मेल गूगलकडे असते, पण न पाठवलेली अर्धवट मेल जाऊ शकते. फोनची जागा काठोकाठ भरलेली असेल तर आधी ती रिकामी करा. ‘गुड मॉर्निंग’ची फुलं पुष्कळ जागा खातात.

कधी कधी गोठल्यासारखं दिसतं ते गोठलेलं नसतंच. पासवर्डची चौकट सारखी वर येत राहते, किंवा खिडकीच्या मागे लपून बसते. गूगलनं 30 मे 2022 पासून साध्या खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर जुन्या प्रोग्रामना आत सोडणं बंद केलं आहे. असा जुना प्रोग्राम असेल तर खात्यात दोन पायऱ्यांची पडताळणी लावून ‘अ‍ॅप पासवर्ड’ काढावा लागतो. आता इथे खरी अडचण येते. खातं उघडून दिलेलं असतं भावानं किंवा पुतण्यानं, पासवर्ड त्याच्या डोक्यात, ओटीपी त्याच्या नंबरवर. तो पुण्यात शिफ्टला, फोन बंद. बँकेचं पासबुक आपल्या कपाटात ठेवायला आपण शिकलो, मेलच्या खात्यावर आपला स्वतःचा नंबर टाकायला अजून शिकायचंय. आजच बघून घ्या. पासवर्ड वहीत लिहिला तरी चालेल, वही डाळीच्या डब्यामागे ठेवा, पण तो तुमच्या हाताशी असू द्या.

आणि मदत शोधताना सांभाळून. ‘आउटलुक हँग झालंय’ असं शोधलं की पहिल्या दोन-चार ओळींत ‘कस्टमर केअर’चे नंबर येतात. पलीकडचा माणूस फार सभ्य बोलतो, ‘मॅडम, एक अ‍ॅप डाउनलोड करा, मी इथून बघतो.’ रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2019 मध्येच एनीडेस्कसारख्या अ‍ॅपचा वापर करून खाती रिकामी केली जातात असा इशारा दिला होता. अ‍ॅप स्वतः वाईट नाही, पण आपल्या यंत्राची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देतं. पडद्यावर लाल खिडकी आली, भोंगा वाजला आणि ‘या नंबरवर फोन करा’ असं लिहिलं असेल तर ती शंभर टक्के लबाडी समजा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो. तरीही फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नका, 1930 वर लगेच फोन करा. जितका उशीर कमी, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

दुकानात न्यावंच लागतं कधी कधी, नाही असं नाही. हार्ड डिस्क खरंच मरते. फक्त ‘फॉरमॅट’ या शब्दाला आपण ‘सर्व्हिसिंग’ समजतो तेवढं थांबवा. फॉरमॅट म्हणजे माळ्यावरचं न बघता सगळं घर रिकामं करून रंगवणं. दुकानदाराला ते सोयीचं असतं, कारण दोष शोधण्यात दोन तास जातात आणि फॉरमॅटची रीत ठरलेली असते. तो शब्द उच्चारला गेला की विचारा, "मेलची पीएसटी कुठे आहे ते दाखव. तिची प्रत काढलीस का? दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखव." उघडून बघितलेली प्रत तीच प्रत. आणि नवरा, मुलगा, भाऊ कोणी यंत्र उचलून नेत असेल तर त्यालाही हेच विचारा. त्यांना राग येईल. येऊ द्या.

वन्संच्या कामाचं नुकसान हळूहळू भरून निघालं. दुकानदारांनी बिलं परत पाठवली, कुरकुरत का होईना. दोन दिवस रात्री बारापर्यंत बसून रिटर्नही वीस तारखेला गेलं. पण त्या फाइलमध्ये आण्णांची पत्रंही होती. आण्णा, म्हणजे माझे सासरे, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, आणि बहात्तराव्या वर्षी नातीकडून मेल करायला शिकले. दर रविवारी लेकीला एक मेल. पावसाचं, शेजारच्या म्हशीचं, ‘तुझ्या आईच्या गुडघ्याला आज आराम आहे’ असलं काहीतरी. 2019 मध्ये आण्णा गेले. वन्सं ती पत्रं रोज वाचायच्या असं नाही. पण ती आहेत हे त्यांना ठाऊक होतं.

मी माझी मेल धुंडाळली. दोन पत्रांत त्यांनी मलाही घेतलं होतं. एकात आंब्याच्या पेटीचा हिशेब आहे, दुसऱ्यात गॅसच्या नंबराची आठवण. दोन्ही वन्संना पाठवून दिली. त्यांचं उत्तर आलं, "मिळाली. आंब्याची पेटी तेव्हा साडेतीनशेची होती बघ."

आता त्यांनी एक टीबीची हार्ड डिस्क घेतली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे मंगळवारच्या आधी, पीएसटीची प्रत काढतात, तारीख टाकून. फोल्डरचं नाव ‘आण्णा’ ठेवलंय. परवा यंत्राचा पंखा आवाज करायला लागला म्हणून त्याच दुकानात गेल्या. यंत्र ठेवून परत आल्या नाहीत. मुलाला म्हणाल्या, "एक स्टूल दे," आणि त्याच्या शेजारी बसून राहिल्या.